गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही

साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

«माझं वय ३६, साताऱ्यात औषधांचं दुकान आहे. कॉलेजात असल्यापासून बीएमडब्ल्यूचं वेड आहे. पुण्यात एका एजंटकडे २०१४ ची ३२०डी आहे. डिझेल, काळा रंग, रनिंग ७८ हजार, दुसरा मालक. मूळ दिल्ली पासिंग आहे, पण एमएच नंबर मी करून देतो असं एजंट म्हणतो. साडेनऊ लाख सांगतोय, नऊला सोडेल. माझ्याकडे दहा लाख तयार आहेत. सर्व्हिसचे कागद २०१९ पर्यंतचे आहेत, त्यात शेवटचं रनिंग ६९ हजार दाखवलंय. बायको म्हणते, एवढ्या पैशात नवी छोटी गाडी येते आणि डोक्याला ताप नाही. सर्व्हिस सेंटर मला पुण्यालाच पडेल. घ्यावी का? की मर्सिडीज सी-क्लास किंवा ऑडी ए४ बघू? फोटो जोडले आहेत. रविवारी टोकन द्यायला जातोय.»

नमस्कार,

रविवारी जरूर जा, पण टोकन देऊ नका. का ते सविस्तर सांगतो, कारण तुमचं वेड मला कळतं. पंचवीस वर्षं गॅरेज चालवताना हे वेड मी कित्येकांच्या डोळ्यांत पाहिलंय आणि त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. गाडी चांगलीच आहे. जुलै २०१२ मध्ये ही पिढी आपल्याकडे आली, चेन्नईच्या कारखान्यात जोडली जायची. दोन लिटरचं डिझेल इंजिन, १८४ हॉर्सपॉवर, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना. वळणावर ती जशी हातात राहते, तशी त्या किमतीतली दुसरी गाडी मिळणं अवघड. पण तुम्ही विचारताय ते गाडीच्या जातीबद्दल, आणि घेणार आहात ती एकच विशिष्ट गाडी. त्या गाडीबद्दल तुमच्याच पत्रात दोन आकडे आहेत, त्यांवर आपण दोघांनी आधी थांबायला हवं.

२०१४ ते २०१९ मध्ये ६९ हजार. म्हणजे वर्षाला साधारण चौदा हजार, कामाच्या गाडीसाठी अगदी रास्त. मग २०१९ पासून आजपर्यंत फक्त नऊ हजार? ज्या माणसानं पाच वर्षं रोज गाडी वापरली, त्यानं पुढची सहा वर्षं ती जवळजवळ उभी ठेवली? असं होऊ शकतं. मालक बदलला असेल, कोणी परदेशी गेलं असेल. तसं असेल तर गाडी उभी राहून खराब झाली आहे: रबराचे होज कडक होतात, टायर एका जागी चपटे पडतात, बॅटरी मरते, ब्रेकच्या डिस्कला गंज धरतो, जुनं ऑईल इंजिनात तसंच बसून राहतं. आणि तसं नसेल तर मीटर मागे केलं आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी नऊ लाख ही तिची किंमत नाही.

तुम्ही पाठवलेला आतला फोटो मी मोबाईलवर मोठा करून पाहिला. स्टिअरिंगचं चामडं दोन्ही बाजूंना, जिथं हात धरतात तिथं, तुळतुळीत झालंय. दाणा पार गेलाय. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबून तिला भेगा पडल्यात. ब्रेकच्या पेडलचं रबर उजव्या कोपऱ्यात घासून सपाट झालंय. ७८ हजारांत या गाडीचं असं होत नाही हो. एवढी झीज मी पाहिलीय ती लाख-सव्वा लाखाच्या पुढच्या गाड्यांत. फोटोवरून मी शपथेवर सांगणार नाही, पण शंका घ्यायला हे पुरेसं आहे.

शंका फेडायचा रस्ता सोपा आहे. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात चासी नंबर दिसतो. त्याचे शेवटचे सात अंक-अक्षरं लिहून घ्या आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारा, की ही गाडी तुमच्या कुठल्याही शाखेत शेवटची कधी आली आणि तेव्हा रनिंग काय होतं. काही ठिकाणी मालकाच्या परवानगीशिवाय सांगत नाहीत. तेव्हा एजंटला म्हणा, मालकाला घेऊन ये किंवा त्याचं पत्र दे. या गाडीत रनिंगचा आकडा फक्त काट्यांच्या मीटरमध्ये नसतो, आतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरांतही नोंदलेला असतो. मीटर फिरवणारा सगळीकडे हात घालतोच असं नाही. चांगला स्कॅनर असलेला माणूस हे पंधरा मिनिटांत पाहू शकतो.

दिल्ली पासिंगचंही समजून घ्या. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी, हा हरित लवादाचा आदेश २०१५ चा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो उचलून धरला, २०२५ मध्ये मात्र त्याची अंमलबजावणी सैल केली. त्या आदेशामुळे दिल्लीची जुनी डिझेल गाडी स्वस्तात निघू लागली आणि एजंट ती आपल्याकडे आणू लागले. यात चोरी काही नाही. पण एजंटनं ती तिथं काय भावात उचलली असेल, याचा अंदाज मनात ठेवून बोला. आणि «एमएच करून देतो» या शब्दावर एक रुपयाही सोडू नका. दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, हवा, कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरलेला हवा, आणि इथला रोड टॅक्स भरायला लागतो. तो कोण भरणार? साडेनऊ लाखांत तो धरलाय का? कागदावर लिहून घ्या. नवा नंबर, तुमच्या नावाचं आरसी बुक आणि मग शेवटचे पैसे, हाच क्रम ठेवा. शिवाय २०१४ ची गाडी म्हणजे २०२९ मध्ये तिची पंधरा वर्षं भरणार. त्यानंतर पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, आणि विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळणं कठीण. तुमच्या हातात तिची मोजकीच वर्षं आहेत.

आता इंजिन. २०१४ च्या गाडीत एन४७ नावाचं इंजिन आहे. २०१६ च्या सुरुवातीला गाडीचा चेहरा बदलला तेव्हा त्याजागी बी४७ आलं. एन४७ ची जगभर बदनामी झाली ती टायमिंग चेनमुळे, म्हणजे पिस्टन आणि वॉल्व्हची उघडझाप एका तालात ठेवणाऱ्या साखळीमुळे. बहुतेक इंजिनांत ही चेन पुढच्या बाजूला असते, पट्टे-पुली काढले की हात पोचतो. इथं ती मागे आहे, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. मागच्या टोकाला क्रँकशाफ्टची थरथर कमी असते, हा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नव्हता, पण त्या चेनला धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे गाईड झिजले किंवा चेन सैल पडली, तर नुसतं ती बघायलासुद्धा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. आणि चेन तुटली तर पिस्टन वॉल्व्हवर आदळतात. मग हेड गेलं, कधी कधी अख्खं इंजिन गेलं. जास्त तक्रारी आल्या त्या २००७ ते २०११ मध्ये बनलेल्या इंजिनांच्या. पुढे सुधारणा झाल्या, त्यामुळे २०१४ ची गाडी तुलनेनं बरी. पण बरी म्हणजे बिनघोर नव्हे, आणि ज्या गाडीचं ऑईल वेळेवर बदललं नाही तिच्यासाठी तर नाहीच. २०१९ नंतरचे ऑईलचे कागद नाहीत, हे म्हणूनच मला खटकतं.

ही चेन ऐकू येते. रविवारी जाण्याआधी एजंटला फोन करा आणि स्वच्छ सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर समजा, त्यानं आधीच गरम करून ठेवली आहे. त्या दिवशी चहा घ्या आणि परत या. गार असेल तर बोनेट उघडून तुम्ही पुढच्या काचेजवळ उभे राहा, म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाजवळ, आणि दुसऱ्याला चालू करायला सांगा. डिझेलची टकटक असणारच, ती सोडून द्या. तिच्या खाली, पत्र्याच्या डब्यात बारीक साखळी ओढल्यासारखी घासघास येते का ते ऐका. मग हलका ॲक्सिलरेटर देऊन दीड ते दोन हजार आरपीएमच्या मध्ये धरायला सांगा. तिथं ती स्पष्ट होते. आमच्याकडची पोरं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकतात. ते तुम्ही करू नका, फिरत्या पट्ट्याजवळ हात जातो. ऐकायला कळणारा मेकॅनिक सोबत न्या. त्याची दिवसाची मजुरी द्यायला लागली तरी ती या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च असेल. चेनचं काम निघालं तर पुण्यात बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्येही आकडा लाखाच्या पुढेच जातो.

दुसरी गोष्ट कमी गाजलेली, पण डिझेलवाल्यांना जास्त छळणारी: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची (कूलंटची) वाट तापमानाप्रमाणे उघडणारी-मिटणारी झडप. या इंजिनात तो उघडा राहून अडकतो. गाडी तापत नाही, म्हणून मालकाला वाटतं सगळं छान आहे. पण इंजिन थंडच चालत राहतं, काजळी वाढते, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) काळ्या डांबरासारख्या थरानं भरतात, आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर तो स्वतःला जाळून साफ करू शकत नाही. वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यावर स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा. नव्वदीच्या आसपास हवं. पासष्ट-सत्तरवर रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट गेला. पार्ट स्वस्त आहे. त्याच्याकडे दुर्लक्ष करून जे बिघडतं ते स्वस्त नाही. कोणी तुम्हाला «डीपीएफ काढून टाकलाय, आता टेन्शन नाही» असं अभिमानानं सांगितलं, तर तो दोष धरा, गुण नव्हे. ते बेकायदा आहे आणि गाडी धूर ओकते.

ईजीआर कूलरचं मात्र सर्व्हिस सेंटरला नक्की विचारा. त्यातून कूलंट गळून काजळीत मिसळतं आणि आग लागू शकते, म्हणून २०१८ मध्ये दक्षिण कोरियात कंपनीनं लाखावर डिझेल गाड्या परत बोलावल्या आणि नंतर ती मोहीम जगभर वाढवली. चासी नंबर सांगून विचारा, या गाडीचं कुठलं रिकॉलचं काम बाकी आहे का. असेल तर ते फुकट होतं. कूलंटची टाकीही बघा. पातळी कमी असेल आणि गळती कुठे दिसत नसेल, तर ते पाणी कुठेतरी जातंय.

गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आहे, आणि या गाडीतला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच. नीट ठेवला तर फार टिकतो. घोळ एवढाच की गाडीची कंपनी म्हणते यातलं ऑईल आयुष्यभराचं, आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः म्हणते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदला. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. तुमची गाडी वर्षांच्या हिशेबानं ती मर्यादा ओलांडून बसली आहे. याचा फिल्टर प्लॅस्टिकच्या चेंबरमध्येच बसवलेला असतो, म्हणून चेंबर पूर्ण बदलायचा. आणि ऑईलची पातळी ठराविक तापमानाला, इंजिन चालू ठेवूनच बघायची. ज्या गॅरेजला हे ठाऊक नाही त्याच्याकडे हे काम देऊ नका. चालवून बघताना सिग्नलला थांबता थांबता खाली गिअर पडताना धक्का बसतो का, आणि रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर उशीर लागतो का, तेवढं तपासा.

टायर रन-फ्लॅट असतात. हवा गेली तरी ८० च्या वेगानं साधारण ८० किलोमीटर जाता येतं, म्हणून पूर्ण मापाची स्टेपनी नसते. साताऱ्याहून पुण्याला हे पुरेसं, पण कासच्या रस्त्यावर किंवा कोकणात उतरताना विचार करायला लागेल. यांच्या बाजू कडक असतात, खड्ड्यात फुगा येतो. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांच्या पुढचे असतील तर चारही बदलायचे असं धरून भावातून वजा करा. एकेक टायर पंधरा हजारांच्या पुढे जातो. पुढचे लोअर आर्म, त्यांचे बुश, शॉकअप हे आपल्या रस्त्यांवर जाणारच. त्याचं मला फार वाटत नाही, कारण लेमफॉर्डरसारख्या कंपनीचे पार्ट बाहेर मिळतात आणि काम सरळ आहे. बॅटरी बदलली तर ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, नाहीतर जुनी समजून चार्जिंग चुकतं आणि नवी लवकर मरते. ही एक गोष्ट गल्लीतल्या बॅटरीवाल्याला माहीत नसते.

पुराचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर, दिवाळी संपत आली तेव्हा, एक गृहस्थ नुकतीच घेतलेली महागडी सेडान घेऊन आले. कंपनीचं नाव इथं महत्त्वाचं नाही. तक्रार एवढीच की काच कधी खाली जाते, कधी जात नाही. गाडी बाहेरून आरशासारखी, आत अत्तराचा वास. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची एक सरळ करडी रेघ होती, छातीच्या उंचीवर. सीट, कार्पेट, दारांची अस्तरं सगळं धुतलं होतं, सीटबेल्टच्या गुंडाळीत कुणी हात घातला नव्हता. ते गृहस्थ त्या रेघेवरून बोट फिरवत कितीतरी वेळ नुसते उभे होते. त्या गाडीवर पुढे दोन वर्षं खर्च होत राहिला. म्हणून चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. डिकीतली मॅट उचला, खालच्या खळग्यात हात घाला. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. पुण्यातही जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर सोसायट्यांत पाणी शिरलं होतं, गाड्या बुडाल्या होत्या. तुमची गाडी दिल्लीची असली तरी मधली वर्षं ती कुठे होती, हे कागद सांगत नाहीत.

मर्सिडीज आणि ऑडीबद्दल थोडक्यात. सी-क्लासच्या त्याच काळातल्या डिझेलमध्येही चेन मागेच आहे, आणि सुरुवातीच्या गाड्यांत इंजेक्टरचा, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पार्टचा, त्रास होता. तरी मागे बसणाऱ्यांसाठी ती जास्त आरामशीर. त्या काळातल्या ए४ डिझेलमध्ये पट्ट्यावर नव्हे, साखळीवर चालणारा मल्टिट्रॉनिक सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स येतो. त्याचं ऑईल दर ६० हजारांना बदललं नसेल तर मी त्या गाडीजवळ जाणार नाही. तिघींत मला विचाराल तर ३२०डीच, पण कागदांची साखळी न तुटलेली. पैसे थोडे जास्त जमवता आले तर २०१६ नंतरची बघा.

आता पैशांचं. नवी असताना ही गाडी तीस लाखांच्या पुढची होती. आज ती नऊ लाखांची झाली, पण तिचा हेडलाईट, तिचा स्टिअरिंग रॅक, तिचा इंजेक्टर नऊ लाखांच्या गाडीचा झालेला नाही. ते अजून तीस लाखांच्या गाडीचेच आहेत. तुमच्याकडे दहा लाख आहेत, तर गाडी सात लाखांची बघा आणि तीन लाख वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला हात लावायचा नाही. सात लाखांत चांगली मिळत नसेल तर अजून वर्षभर थांबा. विमाही विचारून घ्या: इतक्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या झिरो-डेप (पार्टची घसारा न कापता भरपाई) देत नाहीत, म्हणजे काच-बंपर फुटला तरी मोठा भाग तुमच्या खिशातून. आणि आरसीबरोबर पॉलिसी चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो.

तुमच्या पत्नीचं बोलणं मी दोनदा वाचलं. त्या गाडीच्या विरोधात नाहीत असं मला वाटतं, त्या हिशेब विचारतायत. दुकानात औषधांचा माल भरताना तुम्ही एकाच कंपनीत सगळी उधारी अडकवत नाही. मग सगळे दहा लाख अकरा वर्षांच्या एका गाडीत, आणि ती बिघडली तर शंभरेक किलोमीटरवर पुणे. त्यांना ही भीती आहे आणि ती खरी आहे. रविवारी त्यांनाही सोबत न्या. सीटबेल्ट त्यांना ओढायला सांगा.

मी तुमच्या जागी असतो तर ही गाडी नऊला घेतली नसती. चासी नंबरावरून सर्व्हिस सेंटरचा आकडा ७८ हजारांच्या आत जुळला, गार इंजिन शांत निघालं, बेल्ट स्वच्छ निघाले, आणि एजंट सातच्या आसपास आला, तर पुन्हा विचार करू. गार चालू करायला त्यानं नकार दिला तर पुढचं काहीच तपासू नका.

सर्व्हिस सेंटरनं रनिंगचा काय आकडा सांगितला, ते मला कळवा. कागदाचा फोटो पाठवलात तर आणखी बरं.